कर्जदार एक, ऋणी कुटुंब : मुंबई इलाख्यातील व्यक्तिगत नादारीच्या कायद्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कर्ज फेडण्याची ऐपत संपलेल्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक समाजव्यवस्थेपुढे उभा राहिलेला आहे. मराठीत अशा माणसासाठी दोन शब्द रूढ आहेत. व्यापाऱ्याचे ‘दिवाळे’ निघते आणि सामान्य माणूस ‘नादार’ होतो. पेढी बुडाल्यावर व्यापाऱ्याने भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, या प्रथेशी पहिल्या शब्दाचा संबंध जोडला जातो. दुसरा शब्द फारसीतून आलेला असून ‘जवळ काही नसलेला’ एवढाच त्याचा अर्थ आहे. पहिल्या शब्दात जाहीर घोषणा आहे, तर दुसऱ्यात केवळ स्थितीचे वर्णन आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात कायद्यानेही या दोघांना वेगवेगळी वागणूक दिली.

प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यापर्यंतचा कालखंड प्रामुख्याने विचारात घेतला असून, पुढील घडामोडींचा थोडक्यात परामर्श घेतला आहे. नादारीचा कायदा ‘व्यक्ती’ला उद्देशून लिहिला गेला, परंतु ज्या समाजाला तो लावला गेला तेथे कर्ज व्यक्तीचे नसून कुटुंबाचे होते. त्यामुळे कर्जदाराला दिलासा देणारी महत्त्वाची पावले नादारीच्या कायद्याने कमी आणि कर्जदार व त्याचे कुटुंब यांच्यामधील सीमारेषा आखणाऱ्या कायद्यांनी अधिक टाकली, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

ब्रिटिशपूर्व परंपरा : तगादा, दामदुप्पट आणि पुत्राचे ऋण

पेशवाईच्या अखेरीस कर्जवसुलीसाठी दिवाणी न्यायालयांची आजच्यासारखी यंत्रणा नव्हती. धनको स्वतःच वसुलीचा मार्ग शोधत असे. ऋणकोच्या दारात बसून राहणे, त्याला अडवून धरणे, उपाशी राहून त्याच्यावर दडपण आणणे अशा ‘तगाद्या’च्या प्रकारांची नोंद माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या आपल्या अहवालात केली आहे. ही पद्धत कठोर होती, परंतु तिला गावाच्या मर्यादा होत्या. ज्या गावात सावकाराला राहायचे होते, त्या गावातील कुळाला पूर्णपणे उठवून लावणे त्याच्या हिताचे नव्हते आणि जमिनीचा लिलाव करून ती ताब्यात घेण्याची वाटही सहज उपलब्ध नव्हती.

धर्मशास्त्राने या व्यवहाराला दोन नियम घालून दिले होते. पहिला दामदुप्पटीचा. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा तो नियम. पुढे ब्रिटिश न्यायालयांनीही मुंबई इलाख्यातील हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला. दुसरा नियम पुत्राच्या ऋणाचा. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले गेले. जुगार, मद्यपान अशा कारणांसाठी काढलेले ‘अव्यावहारिक’ ऋण तेवढे त्यातून वगळलेले होते. पहिला नियम ऋणाची रक्कम मर्यादित करणारा होता, तर दुसरा ऋणाचे आयुष्य वाढविणारा होता.

स्त्रीधनाच्या बाबतीतही अशीच दुहेरी भूमिका आढळते. स्त्रीधनावर पतीचा अधिकार नाही, हे तत्त्व मान्य असले तरी दुष्काळ, आजार, धर्मकार्य आणि धनकोने अडवून धरले असता पतीने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. म्हणजे सावकाराचा तगादा दारात आला की पत्नीचे दागिने हा कुटुंबाचा अखेरचा साठा ठरत असे. अनेक घरांत ही स्थिती पुढे कायदे बदलल्यानंतरही फारशी बदलली नाही.

नवी न्यायव्यवस्था आणि ऋणसंबंधातील बदल

१८२७ च्या मुंबईच्या विनियमांनी व्याजाच्या दरावर १२ टक्क्यांची मर्यादा घातली होती. १८५५ च्या कायद्याने ही मर्यादा रद्द झाली. पाठोपाठ १८५९ साली दोन कायदे आले. दिवाणी प्रक्रिया संहितेने वसुलीची कार्यक्षम यंत्रणा उभी केली आणि मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यासाठी ३ वर्षांची मुदत ठरविली. मुदतीचा हा नियम ऋणकोच्या हिताचा म्हणून केला गेला होता. प्रत्यक्षात दर ३ वर्षांनी जुने खत फाडून नवे लिहून घेण्याची प्रथा पडली आणि प्रत्येक नव्या खतात थकलेले व्याज मुद्दलात मिसळले जाऊ लागले. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवीत असे आणि त्याच्या नावावर मूळ कर्जाशी काहीही ताळमेळ नसलेली रक्कम चढत असे.

ऋणसंबंध गावाच्या चावडीतून कचेरीत गेला, हा या काळातील मूलभूत बदल होय. न्यायालय खतावरील आकडा पाहत असे. त्या आकड्यामागील इतिहास पाहण्याचे त्याच्यावर बंधन नव्हते. ऋणको बहुधा हजरच राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होत असे. हुकूमनाम्यानंतर जप्ती, लिलाव आणि दिवाणी तुरुंग हे तीन मार्ग धनकोला खुले होते.

याच सुमारास कुटुंबाच्या बाजूने एक महत्त्वाचा कायदा झाला, त्याचा उल्लेख सहसा केला जात नाही. १८६६ च्या मुंबईच्या हिंदू वारस दिलासा कायद्याने मृत हिंदूच्या ऋणाबद्दल पुत्राची व नातवाची व्यक्तिगत जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. त्यापूर्वी मुंबई इलाख्यात पित्याकडून काहीही न मिळालेला पुत्रही त्याच्या ऋणास जबाबदार धरला जाऊ शके. विधवेशी विवाह करणाऱ्या पुरुषावर, केवळ त्या विवाहामुळे, तिच्या पूर्वपतीच्या ऋणाची जबाबदारी येणार नाही, असेही याच कायद्याने स्पष्ट केले. अशी तरतूद करावी लागली यावरूनच ऋण कुटुंबाच्या नात्यांमधून किती दूरपर्यंत प्रवास करीत असे, याची कल्पना येते. ऋण मृत्यूने संपत नव्हते आणि पुनर्विवाहानेही सुटत नव्हते.

एक मंदी, दोन कायदे : मुंबई शहर आणि दख्खन

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, भारतीय कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, बँका व भरणी कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांचा सट्टा सुरू झाला. दख्खनमध्ये सावकारांचा हात सैल झाला व शेतकऱ्यांना सहज कर्ज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुदतीच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली, तेव्हा प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या आसामींचा डोलारा ढासळू लागला. दख्खनमध्ये तीच घसरण संथ गतीने, परंतु अधिक खोलवर पोहोचली. सावकारांनी नवे कर्ज देणे थांबविले, जुन्याची मागणी सुरू केली आणि याच वेळी जमीनमहसुलाच्या फेरआकारणीने साऱ्याचा बोजा वाढला.

येथे एक तुलना करणे उद्बोधक ठरेल. मुंबई शहरातील बुडालेल्या व्यापाऱ्यासाठी १८४८ च्या ब्रिटिश संसदेच्या कायद्यानुसार नादार ऋणकोंचे न्यायालय उपलब्ध होते. आपली मालमत्ता ऑफिशियल असायनीच्या स्वाधीन करून त्याला न्यायालयाकडून मुक्तता मागता येत असे आणि ती मिळाल्यावर नव्याने व्यवहार उभा करता येत असे. मोफसल भागातील शेतकऱ्यासाठी मात्र असा स्वतंत्र नादारी कायदा नव्हता. एकाच कापसाच्या भावाने दोघांनाही बुडविले. पण व्यापाऱ्याला कायद्याने पुनरारंभाची वाट दिली आणि शेतकऱ्याला केवळ जप्तीची. मोफसलातील ऋणकोसाठी नादारीची काही व्यवस्था १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आली. स्वतंत्र प्रांतिक नादारी कायदा तर १९०७ पर्यंत झालाच नाही.

१८७५ चा उठाव आणि १८७९ चा कायदा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती : खते, रोखे आणि हुकूमनामे ताब्यात द्यावेत. ते मिळाले की जाळले जात. माणसांवरील हिंसा तुलनेने कमी होती. ज्याला नादारीचे न्यायालय उपलब्ध नव्हते, त्याने कागद जाळून स्वतःच स्वतःची मुक्तता करून घेण्याचा प्रयत्न केला, असा या कृतीचा अर्थ लावता येतो.

सरकारने नेमलेल्या दख्खन दंगल आयोगाने कर्जबाजारीपणाची सविस्तर चौकशी केली. शेतकरी लग्नसमारंभावर उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, हे मत तेव्हाही प्रचलित होते. या खर्चाला कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाने नमूद केले. लहानसहान नित्याच्या गरजांसाठी काढलेली रक्कम आणि तिच्यावर चढत जाणारे व्याज हेच ऋणवाढीचे खरे स्वरूप होते.

या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी दिलासा कायदा निर्माण झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या ४ जिल्ह्यांना लागू होता. पुढे त्याचे क्षेत्र वाढत गेले. त्याच्या प्रमुख तरतुदी अशा होत्या. न्यायालयाने खतावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा. मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यावी. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करू नये. विशेषत्वाने गहाण न टाकलेली त्याची स्थावर मालमत्ता जप्त करून विकू नये. मात्र त्याच्या व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या निर्वाहाला आवश्यक नसलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याने ७ वर्षांपर्यंत ताब्यात घेऊन तिच्या उत्पन्नातून धनकोचे देणे भागवावे. सावकाराने पावती, वार्षिक हिशेब आणि मागणी केल्यास खातेपुस्तक देणे बंधनकारक झाले.

यातील ‘त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय’ या शब्दांना विशेष महत्त्व आहे. धनकोचा हक्क कोठे थांबतो, याचे मोजमाप येथे ऋणकोच्या सहीने नव्हे, तर घरातील खाणाऱ्या तोंडांनी केले गेले.

नादारीचे प्रकरण आणि त्याची उपेक्षा

याच कायद्यात नादारीचे एक स्वतंत्र प्रकरण होते. ५० रुपये किंवा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला दुय्यम न्यायाधीशाकडे स्वतःला नादार जाहीर करण्यासाठी अर्ज करता येत असे. स्थावर मालमत्ता रिसीव्हरकडे जात नसे. तिची व्यवस्था मर्यादित काळासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे सोपविता येत असे. कागदावर पाहता मुंबईच्या व्यापाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीपेक्षाही ही उदार होती. तरीही शेतकऱ्यांनी या प्रकरणाचा आधार क्वचितच घेतला.

याची कारणे कायद्याच्या रचनेत आणि कुटुंबाच्या अर्थव्यवहारात सापडतात. अटक व जमिनीचा लिलाव यांपासून संरक्षण शेतकऱ्याला नादार न होताच मिळालेले होते. त्यामुळे नादारीतून अधिक मिळण्यासारखे फारसे उरले नव्हते. शिवाय नादार ठरलेल्या कुटुंबाला पुढच्या पेरणीचे बियाणे, बैल आणि सारा भरण्यासाठी लागणारी रक्कम कोण देणार, हा प्रश्न होताच. व्यापाऱ्याला पुनरारंभासाठी कोरी पाटी हवी होती. शेतकऱ्याला मात्र सावकाराच्या वहीतील खाते चालू राहणे आवश्यक होते. ऋणमुक्तीपेक्षा ऋणाचा पुरवठा त्याच्या घराला अधिक निकडीचा होता.

सावकारांनीही नव्या परिस्थितीशी जुळवून घेतले. साध्या कर्जाची वसुली अवघड झाल्यावर ते गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. रक्कम परत केल्यास जमीन परत देण्याचा करार तोंडी राहत असे. कागदावर विक्री, प्रत्यक्षात तारण अशा या व्यवहारात शेतकऱ्याची स्थिती पूर्वीपेक्षाही दुबळी झाली, कारण तोंडी करार न्यायालयात सिद्ध करता येत नसे. अखेर कायद्यात दुरुस्ती करून, कागदावरील मजकुराच्या विरुद्ध तोंडी पुरावा घेऊन व्यवहाराचे खरे स्वरूप ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा लागला. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. ऋणकोचे संरक्षण आणि पतपुरवठ्याची सोय या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हा त्या काळाचा अनुभव होता. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याला ही पार्श्वभूमी होती.

१९०९ व १९२० चे कायदे : मालमत्ता कोणाची?

इलाखा शहरांसाठी १९०९ साली आणि उर्वरित भागासाठी १९२० साली नवे नादारी कायदे झाले. १९२० च्या कायद्यानुसार ५०० रुपयांचे कर्ज असलेल्या अथवा पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक झालेल्या ऋणकोला अर्ज करता येत असे. नादारीचा हुकूम होताच त्याची मालमत्ता न्यायालयाकडे वा रिसीव्हरकडे जाई. मुक्तता मिळेपर्यंत नव्याने मिळालेली मालमत्ताही त्यात समाविष्ट होई. नादारीपूर्वीच्या २ वर्षांत पत्नीच्या अथवा नातेवाइकाच्या नावे मोबदल्याविना केलेले हस्तांतरण रद्द होऊ शके. मुक्ततेमुळे बहुतेक कर्जे संपत. परंतु सरकारी देणी, फसवणुकीतून उद्भवलेली देणी आणि न्यायालयाने ठरविलेली पोटगी कायम राहत. जामीन राहिलेल्या किंवा सहकर्जदार असलेल्या व्यक्तीचीही सुटका होत नसे. धाकट्याच्या खतावर सही केलेला थोरला भाऊ, धाकटा मुक्त झाल्यावरही, देणेकरीच राहत असे.

जप्तीतून वगळलेल्या वस्तू नादारीतही सुरक्षित राहत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधील यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, बैल, बी-बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने यांचा तीत अंतर्भाव होता. मंगळसूत्राला मिळालेले हे संरक्षण मूल्याने लहान असले तरी त्यात एक तत्त्व मान्य झालेले आहे. पतीच्या ऋणाची झळ पत्नीच्या गळ्यापर्यंत जाऊ नये, हे ते तत्त्व होय.

एकत्र हिंदू कुटुंबाच्या बाबतीत मात्र अवघड प्रश्न उपस्थित झाला. पिता नादार झाला तर मुलांचा हिस्साही ऑफिशियल असायनीकडे जातो काय? सत नारायण विरुद्ध बिहारी लाल या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२० च्या दशकात असा निर्णय दिला की, पित्याच्या नादारीमुळे मुलांचे हिस्से आपोआप असायनीकडे जात नाहीत. तथापि अव्यावहारिक नसलेल्या पूर्वऋणासाठी मुलांचा हिस्सा विकण्याचा पित्याला जो अधिकार होता, तो असायनीला वापरता येण्याचा मार्ग खुला राहिला. १९४८ च्या दुरुस्तीने प्रांतिक कायद्यातही याविषयी स्पष्ट तरतूद झाली. परिणामी मुलाचा हिस्सा तत्त्वतः त्याचा राहिला, परंतु पित्याच्या ऋणापोटी विकला जाण्याची टांगती तलवार कायम राहिली.

या मर्यादेमुळे, नादारीच्या कायद्याबाहेर तयार झालेल्या तरतुदींनीच कुटुंबाला खरा आसरा दिला. पत्नी व मुलांच्या लाभासाठी काढलेली आयुर्विम्याची पॉलिसी पतीच्या धनकोंच्या आवाक्याबाहेर राहील, ही १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील तरतूद १९२३ साली हिंदू व मुस्लिम कुटुंबांनाही लागू झाली. १९२५ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने त्या निधीतील सक्तीची रक्कम जप्तीपासून आणि रिसीव्हरपासून सुरक्षित ठेवली. नोकरदार मध्यमवर्गाच्या आर्थिक स्थैर्याचे हे दोन आधारस्तंभ होत. शेतकरी व शेतमजूर यांच्यापाशी मात्र या प्रकारची कागदी मालमत्ता नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्याने कर्जाचा समायोजनाद्वारे निपटारा करण्याचे धोरण स्वीकारले. १९७५ च्या महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर व कामगार यांची सावकारी कर्जे रद्द केली आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. या दोन्ही कायद्यांत ऋणको व्यक्ती म्हणून नव्हे, तर एका वर्गाचा घटक म्हणून मुक्त झाला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ फेडीची असमर्थता हे तुरुंगवासाचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. पित्याच्या ऋणाबाबत पुत्राचे धार्मिक कर्तव्य हा आधार २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने त्यानंतरच्या ऋणांपुरता संपुष्टात आणला. १८६६ साली सुरू झालेली प्रक्रिया पूर्ण होण्यास सुमारे १४० वर्षे लागली. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे; परंतु १ डिसेंबर २०१९ रोजी तो केवळ कंपन्यांच्या कर्जास व्यक्तिगत हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला. कंपनी आधी आणि सामान्य ऋणको मागाहून, हा १८४८ चाच क्रम येथे पुन्हा दिसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. व्यक्तिगत नादारीचा कायदा मुळात व्यापाऱ्याच्या गरजेतून निर्माण झाला आणि मोफसलातील शेतकऱ्यापर्यंत तो उशिरा व अपुऱ्या स्वरूपात पोहोचला. दख्खनमधील शेतकऱ्याने नादारीचा मार्ग टाळला तो अज्ञानामुळे नव्हे. जमीन आणि पत या दोन्ही गोष्टी हातून जाऊ न देणे हीच त्याच्या कुटुंबाच्या जगण्याची अट होती. कर्जदाराच्या कुटुंबाचे संरक्षण नादारीच्या मुक्ततेपेक्षा वारसा, जप्ती, विमा आणि निधी यांविषयीच्या कायद्यांनी अधिक केले. हे संरक्षणही समान वाटले गेले नाही. नोकरदाराच्या वाट्याला ते लेखी हक्क म्हणून आले, तर शेतकऱ्याच्या वाट्याला वेळोवेळी दिलेली सवलत म्हणून.

सुपे येथे खते जाळणाऱ्यांना आपल्या मुलांच्या माथी न मावळणारे ऋण ठेवून जायचे नव्हते. कर्ज कोणाचे आणि ते कोणापर्यंत जाऊ द्यायचे, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न कायद्याने टप्प्याटप्प्याने सोडविला. त्याच कुटुंबाला पुढील हंगामासाठी न बुडविणारी पत कोठून मिळावी, हा त्यांचा दुसरा प्रश्न मात्र नादारीच्या कोणत्याही कायद्याला सोडविता आलेला नाही.